चौथं टिंब

दत्तात्रेय करमरकर दूध घेताना मापाकडे कमी आणि दूधवाल्याच्या तोंडाकडे जास्त बघायचे. चौतीस वर्षं सरकारी कोषागारात नोकरी झाली. तिथे नोटा-नाणी पारखता पारखता माणसंही पारखायची सवय लागली, आणि निवृत्त झाल्यावर त्या सवयीला कचेरी उरली नाही म्हणून ती घरात शिरली. गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला की हे वजनकाटा काढणार. भाजीवालीने मूठभर मिरच्या फुकट घातल्या तरी ह्यांचं डोकं चालू: आज ही एवढी उदार का झाली? बायको उल्काताई कपाळाला हात लावायच्या. "अहो, तुम्हाला देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागाल," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. दत्तात्रेय त्यावर हसायचे नाहीत. मागितलं तर त्यात चूक काय, हे त्यांना खरोखरच कळत नसे.

अख्ख्या रत्नागिरीत ह्यातून एकाच माणसाला सूट होती. उन्मेष आगाशे. शाळेत एका बाकावर बसल्यापासूनचा मित्र, गणपतीपुळ्याच्या रस्त्याला त्याची हापूसची बाग, आणि दोघांनाही खूळ एकच, जुन्या नाण्यांचं. दर रविवारी सकाळी उन्मेष यायचा. पडवीत टेबल, टेबलावर भिंग, बाजूला लहान काटा, आणि दुपारच्या जेवणापर्यंत चहाच्या तीन फेऱ्या. हा उन्मेष स्वभावाने मवाळ, पण एका बाबतीत हेडमास्तर. "नाणं घासायचं नाही, दत्तू. काळं असू दे, हिरवं असू दे, घासलंस की मेलं ते," हे तो चाळीस वर्षं बजावत आला होता. दत्तात्रेयांना ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

आता ज्या नाण्यावरून हे सगळं रामायण झालं त्याविषयी. तो एक राणीछाप रुपया होता, चांदीचा, १८६२ सालचा. चिपळूणच्या एका सोनाराने मोडीच्या डब्यात टाकलेला, तिथून दत्तात्रेयांनी उचलला. रूप म्हणाल तर यथातथाच. राणीच्या गालावर कुण्या जुन्या सराफाने चांदी पारखताना ठोकलेला बारीक ठसा. डोक्यावर कडी डाखवून पुढे कधीतरी उपटून काढल्याची गाठ, म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात तो लोंबत होता. आणि सबंध नाण्यावर काळपट थर. असल्या नाण्याला बाजारात चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्त मिळतं, संपलं.

पण त्यात एक मेख होती. १८६२ साल घातलेले रुपये पुढे बरीच वर्षं पाडले जात होते, आणि कुठला कधीचा हे सालाजवळच्या बारीक टिंबांवरून ओळखतात. सालाच्या वर इतकी नि खाली तितकी, अशा टिंबांच्या काही जोड्या सहसा सापडत नाहीत. दत्तात्रेयांना सालाखाली भिंगातून तीन टिंबं स्पष्ट दिसत होती आणि त्यांच्या शेजारी, काळ्या थरात, चौथं काहीतरी. आपल्याजवळच्या तक्त्यात त्यांनी बघितलं. चार असतील तर जोडी दुर्मीळ होती.

"ग्रेडिंगला पाठवू या," ते एका रविवारी म्हणाले. मुंबईत अशा संस्था आहेत. फी भरून नाणं पाठवायचं. ती माणसं अस्सल की नक्कल ते सांगतात, कितपत चांगलं राहिलंय त्याचा दर्जा ठरवतात, आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून, वर नंबर छापून परत धाडतात.

उन्मेषने नाणं कडेला धरून उजेडात फिरवलं. "डाख लागलेल्या नाण्याला दर्जा मिळत नाही, दत्तू. 'अस्सल, पण सदोष' एवढंच लिहून येईल. फी नाण्याहून जास्त होईल."

"पण चौथं टिंब खरं असलं तर?"

"तर गोष्ट निराळी. मग गालावरच्या ठशासकट लोक घेतील. पण मला ते टिंब वाटत नाही. मळ आहे. उगाच पैसे घालवू नकोस."

झालं! त्या क्षणी दत्तात्रेयांच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उन्मेषच्या नावाने चुकचुकली, त्याचं त्यांना स्वतःलाही नवल वाटलं. हा एवढा नको-नको का म्हणतोय? पैसे माझे जाणार, ह्याच्या पोटात का दुखावं? त्यांनी तो विचार झटकला. झटकला म्हणजे बाजूला ठेवला, फेकला नाही.

शेवटी तोड निघाली. उन्मेषची सून भार्गवी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि तिच्याकडे घरी चांगला सूक्ष्मदर्शक होता. "त्याखाली बघून सांगतो. चार दिवस दे," उन्मेष म्हणाला. दत्तात्रेयांनी नाणं त्याच्या हातावर ठेवलं. त्याआधी, तो चहाचा कप आत ठेवायला गेला तेवढ्यात, गुपचूप वजन करून घेतलं. अकरा ग्रॅम सत्तेचाळीस.

दिवाळी तोंडावर होती. मधेच भाचीचा साखरपुडा निघाला म्हणून दत्तात्रेय एकटेच पुण्याला गेले. उल्काताईंचा फराळ अर्धवट होता, त्या थांबल्या. परत येताना एसटी घाटात दोन तास खोळंबली आणि लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त हुकला. दत्तात्रेय घरी पोचले तेव्हा पूजा आटपून उल्काताई लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटून आल्या होत्या.

"उन्मेषभावजी परवा तुमचं नाणं देऊन गेले," त्यांनी पाय धुवायला पाणी देता देता सांगितलं. "पूजेत ठेवलंय. आज काढू नका, उद्या घ्या. आणि त्यांची चिठ्ठी टेबलावर आहे."

चिठ्ठीत एवढंच होतं: 'टिंब नव्हे, मळ. फी वाचव.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तात्रेयांनी पाटावरून नाणं उचललं, हळदकुंकू पुसलं, आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. नाणं चकचकत होतं. काळा थर गायब. भिंग लावलं. टिंबं तीन. चौथ्याचा मागमूस नाही. काट्यावर ठेवलं. अकरा ग्रॅम बेचाळीस.

ते खुर्चीत बसून एकेक खूण तपासायला लागले. गालावरचा ठसा होता. डाखाची गाठ होती. पण म्हणून काय झालं? मूळ नाण्यावरून साचा करून चांदी ओतली की ठसा येतो, गाठही येते. येत नाही ते बारीकसारीक. टिंबासारखं. आणि वजन हटकून कमी भरतं. त्यांनी नाणं फरशीवर टाकून बघितलं. खणखणीत वाजलं. म्हणजे कारागीर चांगला गाठलाय, ते मनात म्हणाले.

कुणी म्हणेल, अहो, उन्मेषने घासलं असेल. छे! हाच तर मुद्दा होता. ज्याने चाळीस वर्षं 'घासू नको' म्हणून जीव खाल्ला तो माणूस नाणं घासेल? त्रिवार अशक्य. आणि उन्मेषने घासलं नाही, तर हे चकचकीत नाणं कुठून आलं? म्हणजे नाणंच दुसरं. दत्तात्रेयांनी असा एकेक चिरा बसवून भिंत रचली, आणि भिंत इतकी पक्की झाली की तिच्यापलीकडचं त्यांना काही दिसेना.

उल्काताईंना त्यांनी अवाक्षर विचारलं नाही. कचेरीतला धडाच होता तो: चौकशी चालू असताना कुणाशी बोलायचं नाही, आरोपी सावध होतो. आणि उल्काताईंचं नि उन्मेषच्या बायकोचं, दमयंतीचं, रोज फोनवर बोलणं. इथे शिंक आली तर तिथे कळणार.

एकदा नजर फिरली की सगळंच वाकडं दिसायला लागतं. भाऊबीजेला उन्मेषचा फोन आला. "मिळालं ना रे नाणं?" एवढंच त्याने विचारलं. विचारायची एवढी घाई का? नंतर आठवडाभर त्याने नाण्याचं नावही काढलं नाही. का नाही काढलं? बागेत त्याने नवा फवारणी पंप घेतला असं दमयंतीने उल्काताईंना सांगितलं. पैसे कुठून आले? उन्मेष दर दोन वर्षांनी पंप बदलायचा आणि दरवेळी त्याच्याबरोबर दुकानात दत्तात्रेयच जायचे, हे त्यांना आठवत होतं. तरी आतून कुणीतरी कुजबुजायचं: पण ह्या वेळी तुला नेलं नाही. आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्याने त्यांना आनंद होत नव्हता. जेवण जाईना. चोर सापडल्याचं सुख कचेरीत मिळायचं, ते इथे मिळत नव्हतं. उन्मेष गेला तर रविवार कुणाबरोबर काढायचा, हा प्रश्न त्यांना रोज सकाळी पडायचा.

शेवटी त्यांनी ठरवलं. नाणं ग्रेडिंगला पाठवायचं. अस्सल की नक्कल, ते तिऱ्हाईताकडून कळेल. आणि पाठवण्याआधी उन्मेषला सांगायचं, आणि सांगताना त्याचा चेहरा बघायचा.

रविवारची वाट न बघता ते बुधवारीच बागेवर गेले. उन्मेष अंगणात काजूच्या झाडाखाली फवारणीच्या नळ्या धूत होता. त्यांना बघून त्याला एवढा आनंद झाला की हात तसेच ओले ठेवून तो पुढे आला. "अरे, आज कसा काय? दमयंती, दत्तू आलाय, पोहे टाक!"

"नाणं पाठवतोय ग्रेडिंगला," दत्तात्रेय उभ्याउभ्या म्हणाले.

"कुठलं?"

"तेच. राणीछाप."

उन्मेष हसला. "तुझं डोकं फिरलंय. चिठ्ठी लिहिली होती ना? भार्गवीने चाळीसपट मोठं करून दाखवलं मला. मळ आहे रे तो."

"पाठवतोय तरी."

"अरे, पण टिंब नाही हे कळल्यावर..." उन्मेष बोलता बोलता थांबला. नाण्यांच्या खुळातला माणूस तो. असलं डाख लागलेलं, ठसा मारलेलं, तीन टिंबांचं नाणं फी भरून कोण पाठवतं आणि कशासाठी पाठवतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. दर्जा तर मिळणार नाही. मग त्या डबीत राहतं काय? अस्सल की नक्कल, एवढंच राहतं.

"दत्तू, तुला काय तपासून घ्यायचंय?"

"मी तुला दिलं ते हेच नाणं आहे का, ते मला कळायला हवं."

बोलून गेले आणि त्यांचे कान तापले. आतून मोहरी तडतडल्याचा आवाज येत होता. उन्मेष ओरडेल, शिव्या देईल, शिंच्या म्हणेल, अशी दत्तात्रेयांची तयारी होती. तो नुसता पंच्याला हात पुसत राहिला, हात कोरडे झाले तरी पुसत राहिला.

"बघू," तो म्हणाला आणि त्याने तळहात पुढे केला. "काय झालंय त्याला? दाखव तरी."

नाणं दत्तात्रेयांच्या खिशात होतं, बंद पाकिटात. त्यांचा हात खिशाकडे गेला, पाकीट बाहेर निघालं, आणि तिथेच त्यांच्यातला कारकून जागा झाला. पुरावा आहे हा. हातात दिला आणि परत बदलला तर? त्यांनी हात मागे घेतला.

बघा, त्या वेळी ते पाकीट उघडलं असतं तर उन्मेषने एका नजरेत सांगितलं असतं, अरे गाढवा, हे कुणीतरी घासलंय! दोघे पोहे खाऊन पोट धरून हसले असते. पण हात मागे गेला, आणि तो मागे जाताना उन्मेषने बघितला.

"बरं," उन्मेष म्हणाला. "पाठव. पाठवलंच पाहिजेस." मग आत वळून म्हणाला, "दमयंती, पोहे एकाचेच कर. दत्तू निघालाय."

नाणं गेलं. एक रविवार गेला, दुसरा गेला, पाच गेले. दत्तात्रेय पडवीत टेबल मांडायचे आणि एकटेच बसायचे. उल्काताईंनी विचारलं, "उन्मेषभावजी येत नाहीत हल्ली?" तर म्हणाले, "मोहोर आलाय, फवारणीत अडकलाय." उल्काताईंनी दमयंतीला विचारलं, तर तीही म्हणाली, "हो, फवारणीच चाललीय." म्हणजे तिकडेही तोंडाला कुलूपच होतं.

पौष लागला आणि पार्सल आलं. दत्तात्रेयांनी कात्रीने फोडलं. आत पारदर्शक डबी, डबीत नाणं, वर चिकटवलेली पट्टी. पट्टीवर लिहिलं होतं: अस्सल. कडी काढलेली. घासलेलं.

अस्सल! त्यांनी तीनदा वाचलं. सोबतच्या कागदावर नाण्याचे फोटो होते, सालाखाली तीन टिंबं, आणि चौथ्या जागी सपाट चांदी. म्हणजे नाणं तेच होतं. मग 'घासलेलं' कसं? लगेच डोक्यात आलं, म्हणजे उन्मेषनेच... कारकून एवढ्यात थोडाच मरतो! तेवढ्यात उल्काताई शेंगा सोलत होत्या त्या उठून जवळ आल्या.

"हे ते पूजेतलं नाणं ना? डबीत काय घातलंत? आणि घासलेलं असं का लिहिलंय, दोष असल्यासारखं?"

"म्हणजे?"

"मीच घासलं की. उन्मेषभावजी देऊन गेले, तेव्हा काय काळंकुट्ट होतं! लक्ष्मीपुढे तसलं ठेवायचं? बाकीची चांदीची भांडी काढलीच होती, त्याबरोबर आमसुलाच्या पाण्यात घातलं आणि रांगोळीने चोळलं. एवढासा मळ अडकला होता आकड्यांखाली, तो टूथब्रशने काढला. कसलं लख्ख झालं होतं!" बोलता बोलता त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "का हो? काय झालं?"

मग दत्तात्रेयांनी सगळं सांगितलं. सगळं, हात मागे घेतल्यापर्यंत. उल्काताई ऐकत होत्या आणि त्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"उन्मेषभावजींना असं बोललात?" त्या म्हणाल्या. "आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत? एका घरात राहतो आपण! एकदा विचारायचं होतंत, हे चकचकीत कसं झालं म्हणून." त्या चिडल्या होत्याच, पण डोळ्यांत पाणी होतं. "जा. आत्ताच्या आत्ता जा. चपला घाला."

दत्तात्रेय डबी घेऊन गेले. रिक्षात वाटभर वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जमत नव्हतं. उन्मेष पडवीत पेपर वाचत होता. दत्तात्रेय पायरीवरच थांबले आणि म्हणाले, "चुकलो मी. उल्काने घासलं होतं ते. माझी अक्कल गेली होती शेण खायला. मला माफ कर, उन्मेष."

उन्मेषने पेपर खाली ठेवला. "ये, वर ये. ऊन लागतंय." त्याने खुर्ची पुढे ओढली, दमयंतीला चहा सांगितला. डबी बघितली, पट्टी वाचली, आणि 'घासलेलं' हा शब्द आला तेव्हा थोडासा हसलाही. "वहिनींना काही बोलू नकोस," तो म्हणाला. "त्यांचं काय चुकलं? लक्ष्मीचं नाणं त्या स्वच्छच ठेवणार."

दत्तात्रेयांच्या छातीवरचा धोंडा उतरला. चहा आला, तो गोड लागला. मोहोराच्या गप्पा झाल्या. उन्मेष बोलत होता, विचारलं त्याची उत्तरं देत होता. मग दत्तात्रेयांना भरून आलं आणि त्यांनी डबी उन्मेषपुढे सरकवली. "हे तुझ्याकडेच राहू दे. मला बघवणार नाही ते. तुझ्या कपाटात ठेव."

"ठेवतो," उन्मेष म्हणाला आणि उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागद आणि पेन होतं. दत्तात्रेयांना वाटलं, काही हिशेब असेल बागेचा. उन्मेष टेबलावर वाकला आणि आपल्या शाळेतल्या वळणदार अक्षरात सावकाश लिहायला लागला. आजची तारीख. श्री. दत्तात्रेय करमरकर यांच्याकडून राणीछाप रुपया एक, सीलबंद डबीत. मग डबी तिरकी धरून त्याने वरचा नंबर एकेक आकडा बघून उतरवला. सुस्थितीत मिळाला. खाली सही. मग दमयंतीला हाक मारून साक्षीदार म्हणून तिचीही सही घेतली. तिने दत्तात्रेयांकडे न बघता सही केली आणि रिकामे कप उचलून आत गेली.

"घे. जपून ठेव," उन्मेषने कागद पुढे केला.

"अरे, हे काय? आपल्यात पावती?"

"आपल्यातच," उन्मेष शांतपणे म्हणाला. "बाकी कुणाला द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, दत्तू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर दत्तात्रेय त्याच्या पाया पडले असते. त्यांनी कागद घेतला. घडी घालायला गेले, आणि काय सांगू तुम्हाला, त्यांच्या मनात नव्हतं हो, देवाशप्पथ नव्हतं, पण डोळे आपोआप कागदावरच्या नंबरवर गेले, तिथून डबीवरच्या नंबरवर, आणि परत कागदावर. आठही आकडे त्यांनी जुळवले.

मान वर केली तेव्हा उन्मेष त्यांच्याकडेच बघत होता.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.